वीसच्या आतला पट आणि समूह शाळा: जावळी-पाटणकरांनो, तुमचं मत काय?

जावळीचा पालक
आमच्या वाडीच्या शाळेचा पट अकरा. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. पालकसभेत पुन्हा तोच विषय निघाला: आसपासच्या वाड्यांच्या शाळा बंद करून खालच्या गावात एकच मोठी शाळा करायची. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी असे समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं असल्याचं समोर आलं होतं. तेव्हापासून ही टांगती तलवार आहेच.

माझा विरोध आहे. आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत हवी. खालचं गाव आमच्यापासून चार किलोमीटर आणि मधल्या ओढ्यावर फरशी. आषाढात तिच्यावरून पाणी जायला लागलं की मोठी माणसंसुद्धा अलीकडं थांबतात, काठी रोवून अंदाज घेतात. सहा वर्षांचं पोर तिथून कोण नेणार? वाहनाची सोय करू म्हणतात. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत वाहतुकीला एका मुलामागं वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. दहा महिने शाळा धरली तर महिन्याला ६००. अकरा पोरांचे ६,६०० रुपये होतात. एवढ्यात घाटरस्त्यानं रोज दोन खेपा मारायला कुठला जीपवाला तयार होईल?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली आपल्या सातारा जिल्ह्यात काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि जिथं शाळा नव्हती तिथं ती नेली. त्याच जिल्ह्यात आज डोंगरावरची शाळा खाली उतरवायची भाषा होते, याचं मनापासून वाईट वाटतं.

निवृत्त केंद्रप्रमुख, पाटण
भाऊ, ओढ्याची काळजी रास्त आहे. पण माझी नोकरी अशाच शाळा बघण्यात गेली. शाळाभेटीला गेलं की चित्र ठरलेलं. गुरुजी तालुक्याला मीटिंगला, नाहीतर मतदार यादीच्या कामाला. बाईंनी फळ्याचे खडूनं चार भाग केलेले, एकेका इयत्तेला एक. दुसरीत मूल एकच. त्यानं पाढे कुणाबरोबर म्हणायचे, कबड्डी कुणाशी खेळायची? गणित चुकलं तर शेजारच्याच्या वहीत डोकवायला शेजारी कुणी नाही. मुलं जेवढं गुरुजींकडून शिकतात तेवढंच एकमेकांकडून शिकतात. ते त्या पोराला मिळतच नाही.

पैशाचंही बघा. ३० पर्यंत पट असेल तर संयुक्त शाळा अनुदान वर्षाला १०,००० रुपये. वीजबिल, खडू, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती सगळं त्यातच. वळवात पत्रा उडाला की ग्रामपंचायतीच्या दारात हात पसरायचे. पट १०० च्या वर गेला तर तेच अनुदान ५०,००० होतं. पुणे जिल्ह्यात पानशेतला आणि नंदुरबारमध्ये तोरणमाळला मुलं अशी एकत्र आणलेली आहेत. आपल्याकडं का नको? शाळा दारात आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. ती कशी आहे तेही विचारा.

शाळा व्यवस्थापन समिती सदस्या, महाबळेश्वर तालुका
सर, तुम्ही पाटणचे, म्हणून सांगते. आम्ही कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडं, कांदाटी खोऱ्याच्या बाजूला. इथं किलोमीटर मोजून उपयोग नाही, मधी पाणी आहे. पावसाळ्यात धुकं उतरलं आणि वारा सुटला की लाँच हलत नाही. तिकडं अडकलेली चौथीतली मुलगी रात्री कुणाच्या घरी राहणार? दोनदा असं झालं की आई-बाप शाळाच बंद करतात, आणि ती आधी मुलीची बंद होते. याच जिल्ह्यात, नायगावला, सावित्रीबाई जन्मल्या. आमच्या पोरींची शाळा पाचवीच्या आत सुटू देणार नाही.

माथाडी कामगार, कोपरखैरणे
मी पाटणचाच. पट कमी का झाला, हे कुणी बोलत नाही. आमच्या पिढीची निम्मी माणसं नवी मुंबईच्या बाजारात ओझी उचलतात आणि पोरं इथंच शिकतात. गावी आई-वडील एकटे आहेत. तालुक्याला प्रत्येक वर्गाला शिक्षक असलेली जिल्हा परिषदेची दमदार शाळा झाली, तर मी पोरं आजी-आजोबांकडं ठेवायला तयार आहे. अकरा पोरांच्या शाळेत नाही ठेवणार. माझं मत मोठ्या शाळेला.

द्विशिक्षकी
मी जिल्हा परिषदेत शिक्षक आहे. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटतेय: प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळणार, हे गृहीत धरलं जातंय. शिक्षण हक्क कायद्यातलं गणित बघा. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. अकरा-अकराच्या तीन शाळा एकत्र केल्या तर मुलं होतात ३३. आज त्यांना सहा शिक्षक आहेत, उद्या दोन राहतील. फळ्याचे चार भाग तसेच, फक्त मुलं तिप्पट. चार वर्गांना चार शिक्षक हवे असतील तर पट ९० च्या वर लागतो. म्हणजे आठ-नऊ वाड्या एकत्र कराव्या लागतील. डोंगरात एवढ्या वाड्यांची मुलं रोज एका जागी आणणार कशी?

पदं कमी करण्याकडं कल आहे, हे आम्ही बघतोय. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवायच्या, निर्णयात सहावी ते आठवीला पट २० च्या खाली असेल तर शिक्षकच मंजूर नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कमी पटाच्या शाळेत दुसरा शिक्षक १५,००० रुपये मानधनावर कंत्राटी घ्यायचं ठरलं. आम्ही सामूहिक रजा टाकून विरोध केला.

आणि छोटी शाळा म्हणजे वाईट शाळा, हे मला मान्य नाही. आपल्या कुमठे बीटातल्या (बीट म्हणजे शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक आले. तिथं मुलं जमिनीवर आखलेल्या चौकटींत बसून, हातात वस्तू घेऊन शिकत होती. पटाचा आकडा कुणी विचारत नव्हतं.

निवृत्त केंद्रप्रमुख, पाटण
३३ ला दोनच शिक्षक, हे खरं आहे. नियम मलाही पाठ आहे. म्हणून माझी मागणी अर्धवट विलीनीकरणाची नाही. सपाटीवर, जिथं दीड-दोन किलोमीटरवर डांबरी रस्त्यानं दुसरी शाळा आहे, तिथं आधी करा, आणि बंद झालेल्या शाळांची पदं तीन वर्षं तरी नव्या शाळेत ठेवा. कराड, कोरेगाव, फलटणच्या बाजूला अशा जागा निघतील. कांदाटीचं आणि कराडचं धोरण एकच असू नये, हे ताईंचं म्हणणं मला पटतं. जावळीच्या वाड्यांत मात्र रस्ते आता बऱ्यापैकी झालेत. तिथं सरसकट नको म्हणू नका.

जावळीचा पालक
रस्ता झालाय, फरशीच्या जागी पूल झालेला नाही. पदं तीन वर्षं ठेवायची तुमची सूचना चांगली आहे, पण ती लेखी कोण देणार? शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात. तिचा ठराव झाल्याशिवाय आमच्याकडून होकार जाणार नाही. ठरावात तीन गोष्टी घालतोय: नव्या शाळेतली शिक्षकांची मंजूर पदं आदेशात आकड्यानिशी हवीत, वाहन एक अख्खा पावसाळा आधी चालवून दाखवायचं, आणि तोवर वाडीच्या शाळेला कुलूप लागणार नाही. ज्यांच्या गावात ग्रामसभा आहे त्यांनी हाच मसुदा घ्या. द्विशिक्षकी सर, तुमचं ६०, ९०, १२० चं गणित त्यात जसंच्या तसं लिहितोय, नजरेखालून घाला.