पेशीची तारीख न सांगणारा वकील: कामाचा व्याप की गैरवर्तन?

वावरवाला (दिग्रसकडचा)
धाकट्या बहिणीची घटस्फोटाची केस दीड वर्षापासून चालू आहे. कोर्ट गावापासून 40 किलोमीटर. कापूस वेचणीची मजुरी बुडवून ती तीनदा एसटीने गेली. तिन्ही वेळा वकिलाच्या मुन्शीने (कारकुनाने) बाहेरूनच परत पाठवलं, 'साहेब नाहीत, पुढची पेशी फोनवर सांगू.' फोन कधी आला नाही. शेवटी मी ई-कोर्ट्स ॲपवर केसचा 16 अंकी सीएनआर नंबर टाकून पाहिलं. मधे दोन पेशा होऊन गेल्या होत्या आणि दोन्ही वेळा मुदत आमच्याच वकिलाने मागितली होती. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली अंतरिम, म्हणजे केस चालू असतानाच्या पोटगीचा अर्ज करता येतो, तो दिलेलाच नाही. वर अट अशी की पोटगी मिळाली तर त्यातला दहावा हिस्सा वकिलाचा. वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांत अशा वाट्याला साफ मनाई आहे. माझ्या मते हे गैरवर्तनच. गावातले म्हणतात, वकिलाशी वाकडं घेऊ नको.

काळा कोट
भाऊ, मी तालुक्याच्या कोर्टात बारा वर्षं वकिली करते. पोटगीत वाटा मागणं चूकच, त्यावर वाद नाही. पण मुदत मागितली म्हणून लगेच शंका घेऊ नका. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीसाठी दोघांनाही मालमत्तेचं आणि देण्याचं शपथपत्र द्यावं लागतं. पक्षकार कागदच आणत नाहीत, मग आम्ही काय दाखल करायचं? आणि समोरच्या वकिलासोबत चहा घेतला की आम्ही फितूर! बाररूम एक, टपरी एक. बसायचं कुठे?

वावरवाला
ताई, चहाचं मी बोललोच नाही. शपथपत्राचं आज तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकतो आहे. आम्हाला एक कागद कोणी मागितला नाही.

पऱ्हाटी
चहाचं सोडा. माह्या पुतण्याले वकिलानं 500 च्या स्टॅम्पवर सोडचिठ्ठी लिहून देल्ली, नोटरीचा शिक्का मारला, आठ हजार घेतले. म्हने झाला घटस्फोट. पोरानं दुसरं लगन केलं. मंग पयल्या बायकोनं केस टाकली तवा कयलं का कोर्टाच्या हुकमाबिगर घटस्फोटच होत नाही. असा मानूस काया कोट घालून कोर्टात हिंडते, त्याले काय म्हनाव?

काळा कोट
काही जमातींत रूढीने सोडचिठ्ठी चालते, कायद्यातही त्याला जागा आहे. पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. हे न सांगता पैसे घेतले असतील तर ती फसवणूक आहे. माझ्याच पेशातल्या माणसाबद्दल हे लिहिताना वाईट वाटतं, पण आहे ते आहे.

संत्राबाग
वकील बदला, एवढं काय? फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलं आहे. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत जा किंवा 15100 वर फोन लावा. आणि ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलकडे तक्रार ठोका.

पऱ्हाटी
ठोका म्हनाले सोपं आहे. बार कौन्सिल मुंबईले. मजुरीवाली बाई जाईन का तिथं? ग्राहक मंचात जाव त वकिलाची सेवा तिथं बसत नाही, असा 2024 चा निकाल हाये सुप्रीम कोर्टाचा. आन् ज्या तालुक्यात तक्रार केली त्याच तालुक्यात मंग दुसरा वकील पाहा लागते!

काळा कोट
ही भीती खरी आहे. तरी तक्रार लेखी करायची असते, सोबत पेशांची नोंद आणि पैशांच्या पावत्या लावा. पावती नसेल तर तीच पहिली खूण समजा. मी फी घेतली की त्याच दिवशी पावती देते.

वावरवाला
पावती एकही नाही. सोमवारी बहिणीला घेऊन विधी सेवा समितीत जातो. तक्रारीचं तिच्या मनात नाही. ती म्हणते, आधी पोटगीचा अर्ज लागू दे, पोराच्या शाळेचे पैसे थकलेत.