मदत हवी आहे: एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) सुरू केल्यापासून जननेंद्रियावरील हर्पिस पुन्हा पुन्हा उलटतो आहे

नमस्कार. माझे वय ४१ असून मी सोलापूर जिल्ह्यात खतविक्रीचे फिरतीचे काम करतो. चार महिन्यांपूर्वी माझी एचआयव्ही तपासणी पॉझिटिव्ह आली. तेव्हा सीडी-४ (रक्तातील प्रतिकारक पेशींची संख्या) १४२ होते. शासकीय एआरटी केंद्रातून मिळणारी टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर यांची एकत्रित गोळी मी रोज रात्री साडेनऊ वाजता घेतो आणि आजवर एकही चुकवलेली नाही.

गोळी सुरू होऊन पाच आठवडे झाले असतील, तेव्हा जननेंद्रियाच्या कातडीवर मोहरीएवढे पाणीदार फोड पुंजक्याने उठले आणि दोन दिवसांत फुटून त्यांच्या जखमा झाल्या. लघवीला इतकी आग होई की एका हाताने तांब्यातले पाणी जखमेवर ओतत राहिल्याशिवाय लघवी करणे शक्य नव्हते. मोटारसायकलवर बसणे तर दूरच. लाजेपोटी एआरटी केंद्रात काही न सांगता मी एका खासगी दवाखान्यात गेलो, एचआयव्हीचा उल्लेखही केला नाही (ही चूक माझीच), आणि तिथे मिळालेले मलम आठवडाभर लावले. जखमा पसरत गेल्या. मलमात स्टेरॉइड होते, हे नंतर कळले. आईला ‘कमरेला नागीण झाली आहे’ असे सांगून वेळ मारून नेली, तर तिने गेरू उगाळून ठेवला आणि नागिणीचा विळखा कुठवर आला, हे ती रोज विचारू लागली.

शेवटी सरकारी रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिक, म्हणजे लैंगिक आजारांचा दवाखाना, गाठले. सिफिलिसची तपासणी निगेटिव्ह आली. असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, सात दिवस, असा उपचार मिळाला आणि जखमा सुकल्या. मात्र तीन आठवड्यांनी त्याच जागी फोड आले. आदल्या दिवशी मांडीत मुंग्या आल्या होत्या. आता ही तिसरी खेप आहे. एआरटी मला लागू पडत नसल्याचे हे लक्षण आहे का, असायक्लोव्हिर रोज घ्यावी का, आणि घेतल्यास मूत्रपिंडावर ताण येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. माझी पत्नी एचआयव्ही निगेटिव्ह आहे. तिच्या बाबतीत काय काळजी घ्यावी, हाही प्रश्न आहे.

प्रतिसाद

मी एआरटी केंद्रात समुपदेशक म्हणून काम केले आहे. प्रथम, ही नागीण नव्हे. नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते आणि हर्पिसचा विषाणू वेगळा आहे. तो पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून राहतो आणि प्रतिकारशक्ती कमी असताना वर येतो. सीडी-४ २०० च्या खाली असताना एआरटी सुरू केली, तर पहिल्या सहा महिन्यांत अशा जखमा उलट वाढू शकतात. त्यामुळे एवढ्यावरून एआरटी निकामी ठरत नाही. तो निकाल सहाव्या महिन्याचा व्हायरल लोड (रक्तातील एचआयव्हीचे प्रमाण) देईल.

तुमच्यासारख्या स्थितीत रोजची असायक्लोव्हिर, ४०० ते ८०० मिलिग्रॅम दिवसातून दोन ते तीन वेळा, हा मान्य पर्याय आहे; परंतु ती मनाने सुरू करू नका. टेनोफोविर आणि असायक्लोव्हिर दोन्ही मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतात, म्हणून आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्यावे आणि पाणी भरपूर प्यावे. पूर्ण मात्रा घेऊनही सात-दहा दिवसांत जखमा सुकू लागल्या नाहीत, तर विषाणू औषधाला दाद देत नसल्याची शंका घेऊन तज्ज्ञाला दाखवावे लागते. जखम महिन्याहून अधिक टिकली, तर एचआयव्हीच्या दृष्टीने ती गंभीर अवस्था मानली जाते. तिथवर वाट पाहू नका.

पत्नीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे गैरसमज फार आहेत. व्हायरल लोड न सापडण्याइतका कमी झाला की लैंगिक संबंधातून एचआयव्ही पसरत नाही, हे खरे. पण हर्पिसला तो नियम लागू नाही. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीने रोज असायक्लोव्हिर घेतली म्हणून जोडीदाराला हर्पिस होण्याचा धोका घटतो, असेही अभ्यासांत दिसलेले नाही. मुंग्या जाणवल्या की तेव्हापासून कातडी पूर्ण भरेपर्यंत संबंध टाळावेत आणि एरवी निरोध वापरावा. झाकल्या न जाणाऱ्या भागातून थोडा धोका तरीही उरतो. तुमचा व्हायरल लोड अजून झालेला नसल्याने सध्या निरोध दोन्ही कारणांसाठी आवश्यक आहे. शिवाय त्यांना हर्पिस आधीच असू शकतो, कारण अनेकांना कधीच फोड येत नाहीत. पुढे गरोदरपणाचा विचार असेल, तर ही माहिती प्रसूतितज्ज्ञांना अवश्य द्या.

धागालेखक

मनःपूर्वक आभार. काल केंद्रात सर्व सांगितले आणि डॉक्टरांनी ते वहीत लिहूनही घेतले. क्रिएटिनिनसाठी रक्त दिले असून अहवाल गुरुवारी मिळेल, त्यानंतर रोजच्या मात्रेचा निर्णय होईल. पत्नीला मी अद्याप केवळ एचआयव्हीविषयी सांगितले आहे. हर्पिसचे बोलणे केंद्रातील समुपदेशकांसमोर करावे की आधी घरीच, याविषयी ज्यांनी हा प्रसंग निभावला आहे त्यांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती.