लाईट-नेट दोन्ही गेलं तरी चालेल अशी कामाची पद्धत कोणी लावली आहे का?

सुरंगी_गुहागर:
आमचं गुहागरजवळ छोटं होमस्टे आहे, तीन खोल्या, आणि एप्रिल-मे मध्ये हापूसच्या पेट्या. बुकिंग, कोणाला पाच डझनी कोणाला सहा डझनी, कुणाचा अ‍ॅडव्हान्स आला, सगळं मी एकटाच बघतो. दोन वर्षं एका ऑनलाइन नोट्सच्या अ‍ॅपमध्ये ठेवत होतो, दिसायला एकदम झकास, टॅग काय नि रंग काय. मागच्या जूनला गडगडाटात राऊटर जळला, मोबाईलला रेंज तशीही अंगणाच्या कोपऱ्यात उभं राहिल्याशिवाय येत नाही, आणि नेमकी त्याच संध्याकाळी पुण्याची फॅमिली दारात, आणि मला आठवेना यांना वरची खोली दिली की खालची. अ‍ॅप आपलं गोल गोल फिरतंय. शेवटी आईने कॅलेंडरवर पेन्सिलने लिहिलेलं होतं त्यावरून कळलं 😅
विंडोज लॅपटॉप, अँड्रॉइड फोन. फुकटातलं असेल तर बरं. आईचं कॅलेंडर सोडून सुचवा.

कातळसडा:
आईचं कॅलेंडर सोडू नका, तो बॅकअप आहे.
बाकी माझं असं आहे की डेटा आधी आपल्या मशीनवर, नेट आलं तर आलं. ऑब्सिडियन हे नोट्सचं अ‍ॅप घ्या, त्याच्या नोट्स म्हणजे फोल्डरमधल्या साध्या टेक्स्ट फाईली, उद्या ऑब्सिडियन बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडतील. तोच फोल्डर सिंकथिंगने फोनवर, म्हणजे दोन डिव्हाइसवरच्या फाईली आपोआप सारख्या (सिंक) ठेवणारं अ‍ॅप. मधे कोणाचा सर्व्हर नाही, दोन्ही डिव्हाइस एका वायफायवर असले की नेट नसतानाही सिंक होतं, फक्त राऊटर चालू हवा, त्याला छोटा यूपीएस मिळतो तो लावा. फोनवरचं मूळ सिंकथिंग अ‍ॅप डिसेंबर २०२४ पासून बंद झालंय, सिंकथिंग-फोर्क शोधा. आणि गडगडायला लागलं की राऊटरचा प्लग काढायचा, हे कुठलंच सॉफ्टवेअर करणार नाही.

मालवणी_माऊस:
एवढा सगळा कशाक व्हया? तीन खोल्यांक एक्सेल पुरे. एका शीटवर तारखा उभ्या, खोल्या आडव्या, संपलं. फक्त फाईल, ऑप्शन्स, सेव्ह मध्ये जाऊन ऑटोरिकव्हर (फाईल मधेमधे आपोआप जपून ठेवणं) १० मिनिटांवर असतं ते १ वर आणा, आमच्याकडे लाईट काय १० मिनिटं थांबत नाही.

वाशिष्ठी_काठ:
साठवण झाली, पण टायपिंगचं काय? सीझनला दिवसभर तेच तेच, एसी आहे का, समुद्र किती लांब, मच्छी घरचीच का. मी एस्पॅन्सो वापरते, फुकट आहे, कोलन टाकून एक छोटा शब्द लिहिला की अख्खं उत्तर उमटतं, दर, पत्ता, मॅपची लिंक सगळं. फक्त व्हॉट्सअ‍ॅपपुरतंच हवं असेल तर बिझनेस अ‍ॅपमधले क्विक रिप्लाय आहेत, ५० पर्यंत करता येतात. विंडोजची खूण असलेलं बटण आणि व्ही दाबून बघा, आधी कॉपी केलेल्या २५ गोष्टी दिसतात (पहिल्यांदा चालू करावं लागतं). पण मशीन रिस्टार्ट झालं की पिन केलेलं सोडून सगळं जातं. आपल्याकडे पावसात रिस्टार्ट दिवसातून चारदा, म्हणून यूपीआय आयडी पिन करूनच ठेवलाय.

सुरंगी_गुहागर:
आठवडा झाला. क्विक रिप्लाय म्हणजे सोनं आहे, आधी कोणी का नाही सांगितलं! बुकिंग ऑब्सिडियनमध्ये एकाच मोठ्या फाईलमध्ये टाकलं, सिंकथिंग लावलं. काल मी बाजारात फोनवर एक बुकिंग लिहिलं, घरी भावाने लॅपटॉपवर दुसरं, आणि आता फोल्डरमध्ये सिंक-कॉन्फ्लिक्ट नावाची जास्तीची फाईल आलीये. कुठली खरी?

कातळसडा:
दोन्ही खऱ्या. दोघांनी सिंक व्हायच्या आधी तीच फाईल बदलली, मग ज्या फाईलची वेळ जुनी तिला सिंकथिंग नाव बदलून बाजूला ठेवतं, पुसत नाही. उघडा, जास्तीच्या ओळी मूळ फाईलमध्ये चिकटवा, मग ती डिलीट करा. आणि एकच मोठी फाईल नको, दर बुकिंगला वेगळी फाईल करा, नावात आधी वर्ष मग महिना मग तारीख मग खोली, म्हणजे आपोआप ओळीने लागतात आणि दोघं एका फाईलवर येत नाहीत. एक्सेलला हे जमत नाही, तिथे आख्खी शीटच एक फाईल.

मालवणी_माऊस:
माझ्या एक्सेलात भाऊ हातच लावत नाय, म्हणून कॉन्फ्लिक्ट नाय 😂