महिनाअखेरीला साखर घसरते: गोळी जास्त की जेवण कमी?

कोरडवाहू: वय ५८, मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ आणि मेटफॉर्मिन ५००, दोन्ही दिवसातून दोनदा. एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तपासणी) ७.४, म्हणजे कागदावर बरं. पण २० तारखेनंतर रात्री घाम, हातापायाला कापरं, मीटरवर ५८ ते ६२. महिन्याच्या सुरुवातीला मात्र जेवणानंतर २५० च्या पुढे. रेशनचा तांदूळ-गहू फुकट मिळतो, डाळ-भाजी विकतची. ती संपली की रात्री चहा-पाव नाहीतर पेज. गोळी निम्मी करावी का?

काढा_नको: मनाने निम्मी करू नका, सुरुवातीचे २५० आणखी चढतील. एचबीए१सी ही दोन-तीन महिन्यांची सरासरी. ६० आणि २५० एकमेकांना झाकतात, म्हणून कागद बरा दिसतो. ग्लिमेपिराइड ताटात काय आहे ते बघत नाही, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावत राहते. पेजेची साखर भरकन चढून उतरते, गोळीचा जोर मात्र रात्रभर टिकतो. मेटफॉर्मिन एकटी सहसा असं करत नाही.

तारीख, आकडा आणि त्या रात्री काय खाल्लं, एवढं लिहून डॉक्टरांना दाखवा. सरळ विचारा: ज्या रात्री पुरेसं जेवण नाही, त्या रात्री कोणती गोळी टाळायची? उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. क्रिएटिनिनही तपासा, मूत्रपिंड थकलं असेल तर अशी साखर घसरण जास्त होते.

७० च्या खाली गेली तर ३ चहाचे चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग जेवण. बिस्किटावर भागवू नका, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर उशिरा चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

मापटं: रेशनच्या प्राधान्य कार्डावर महिन्याला माणशी ५ किलो, म्हणजे रोज १६५ ग्रॅम धान्य. सगळा तांदूळ धरला तर सुमारे १३० ग्रॅम कर्बोदकं. धान्य कमी पडत नाही, त्याच्या जोडीचं संपतं. म्हणून पैसे हातात आले की भाजीच्या आधी मटकी, हरभरे आणि सोयाबीन वड्या भरा. भाजी नासते, हे टिकतं. ५० ग्रॅम सुक्या वड्यांत जवळपास २६ ग्रॅम प्रथिनं. उकळून दोनदा घट्ट पिळा, नाहीतर वास राहतो आणि घरात कोणी हात लावत नाही.

पेज बंदच करा. शिजून फुटलेला दाणा लवकर पचतो. तोच ६० ग्रॅम तांदूळ ३० ग्रॅम मोडाच्या मटकीबरोबर मोकळा शिजवा.

जातं: उगाच महागडी ज्वारी घेऊ नका. १०० ग्रॅम ज्वारीत ६८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, तांदळात ७८. तंतूंचा फायदा खरा, पण ‘भाकरी चालते’ म्हणून तीन खाल्ल्या की तो गेला. रेशनचाच गहू दळा आणि पीठ चाळू नका. ‘शुगर-फ्री’ बिस्किटं म्हणजे बहुतेक मैदाच, वर भावही जास्त.

कोरडवाहू: मीटरच्या पट्ट्या महाग पडतात. रोज तपासणं जमणार नाही.

काढा_नको: महिन्याला पाच पुरवा. ५ आणि २५ तारखेला रात्रीच्या जेवणाआधी एक, जेवणानंतर २ तासांनी एक. पाचवी घाम फुटेल त्या वेळेसाठी. पट्टी हाताशी नसेल तर थांबू नका, आधी साखरपाणी.