नेटवर्किंगच्या कोर्समध्ये बिघाड शोधायला कधी शिकवणार?

निळी_केबल

नोकरी डोळ्यांसमोर ठेवून चालणाऱ्या नेटवर्किंग-आयटीच्या कोर्सबद्दल हा धागा काढतेय. असे कोर्स नकोत, असं माझं म्हणणं अजिबात नाही. पदवीसाठी थांबणं ज्यांना शक्य नाही, त्यांना या धंद्यात शिरायला हीच वाट आहे आणि ती टिकली पाहिजे. माझी तक्रार शिकवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. आधी ओएसआयचे (नेटवर्कचं काम थरांत मांडणाऱ्या नमुन्याचे) सात थर पाठ, मग सबनेटिंग (नेटवर्कचे छोटे भाग पाडणं), मग स्विच-राउटरच्या कमांड, शेवटी सराव प्रश्न. लॅबसुद्धा अशा, की पानावरच्या सूचना जशाच्या तशा टाइप केल्या की पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का याची चाचणी) चालतं आणि लॅब संपते. नेटवर्क बंद पडलंय, लोक खोळंबलेत, आता हात कुठे घालायचा, याचा सराव जवळपास शून्य. नोकरीत तर दिवसभर तेच काम असतं.

मी फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेते. एक प्रश्न माझा ठरलेला आहे: दोन मशीन एकमेकांना व्यवस्थित पिंग होतात, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की वेग रांगायला लागतो, कुठून सुरुवात कराल? बहुतेक जण फायरवॉल म्हणतात, नाहीतर रीस्टार्ट. पोर्टवरचे एरर काउंटर बघतो म्हणणारा क्वचित भेटतो. १०० एमबीपीएसच्या जुन्या पोर्टवर याचं नेहमीचं कारण म्हणजे एका टोकाला स्पीड आणि फुल ड्युप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) हाताने पक्कं केलेलं आणि दुसरं टोक ऑटोवर. ऑटोवाल्याला स्पीड ओळखता येतो, ड्युप्लेक्स ओळखता येत नाही, म्हणून तो हाफवर (एका वेळी एकच) जातो. पिंगची पाकिटं लहान आणि तुरळक, ती निभावून जातात. फाइल सुरू झाली की हाफच्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा होणारी टक्कर) आणि फुलच्या बाजूला सीआरसी एरर (पाकीट खराब पोचल्याची नोंद) चढत जातात. लिंकचा दिवा मात्र हिरवाच.

हे पुस्तकात एका परिच्छेदात असतं, पण स्वतः शोधून काढल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. म्हणून माझी मागणी अशी: कोर्सचा निम्मा वेळ मुद्दाम बिघडवलेल्या लॅबला द्या.

थेट_मुद्दा

पूर्ण असहमत. कोर्सला येणाऱ्याची निकड तुम्ही लक्षातच घेतलेली नाही. त्याचा अर्ज आधी चाळणीतून जातो आणि त्या चाळणीत सर्टिफिकेटचं नाव शोधलं जातं. तुमचा ड्युप्लेक्सचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचायला तो आधी तुमच्यासमोर येऊन बसायला हवा ना?

शिवाय परीक्षेचा अभ्यासक्रम म्हणजे काही कचरा नव्हे. फेब्रुवारी २०२० पासूनची सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा घ्या. राउटिंगला २५ टक्के, मूलभूत संकल्पनांना २०, स्विचिंग आणि वायरलेसला २०, सुरक्षेला १५, आयपी सेवांना १० आणि ऑटोमेशनला १०. पहिल्या नोकरीला याहून जास्त काय हवं? पहिली नोकरी बहुतेकदा हेल्पडेस्कची किंवा एनओसीतल्या (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रातल्या) शिफ्टची असते. बिघाड शोधायला माणूस तिथेच शिकतो, पगार घेत.

निळी_केबल

चाळणीचा मुद्दा मान्य, सर्टिफिकेट काढायलाच हवं. पण ‘नोकरीत शिकेल’ हे पटत नाही. एनओसीत नव्या माणसाला बिघाड शोधू देत नाहीत. अलार्म आला, तिकीट उघडलं, वरच्याकडे पाठवलं, एवढंच त्याच्या वाट्याला येतं. ज्याला आधीपासून थोडं शोधता येतं, त्याच्याच हातात पुढचं काम येतं. बाकीचे वर्षानुवर्षं तिकिटं पुढे ढकलत राहतात. मला हे बघवत नाही, कारण त्यांच्यात हुशारीची कमी नसते.

आणि डम्प्सचं (परीक्षेतून बाहेर आलेल्या प्रश्नोत्तरांचं) काय? प्रश्नोत्तरं घोकून पास झालेल्याचं आणि समजून पास झालेल्याचं सर्टिफिकेट दिसायला सारखंच असतं.

जुनाजाणता

तुम्ही दोघंही मुळावर बोट ठेवत नाही आहात. खरा दोष एका कंपनीच्या उपकरणांभोवती शिक्षण बांधण्यात आहे. नव्वदच्या दशकात नॉव्हेल कंपनीच्या सीएनई या सर्टिफिकेटला असाच भाव होता. त्यांच्या नेटवेअर या नेटवर्क सॉफ्टवेअरचे मेनू आणि कमांड तोंडपाठ असलेल्यांना नोकऱ्या मिळत होत्या. अनुभव नसताना नुसती परीक्षा काढलेल्यांना ‘पेपर सीएनई’ म्हणत. मग सगळीकडे टीसीपी/आयपी (इंटरनेटचे प्रोटोकॉल) आलं, नेटवेअर मागे पडलं आणि आयपीएक्सचं (नेटवेअरच्या प्रोटोकॉलचं) ज्ञान कुणी विचारीना. ज्यांना पाकीट एका मशीनवरून दुसऱ्यावर कसं जातं हे कळलं होतं, ते नव्या गोष्टीत सहज रुळले.

इथरनेटची सुरुवात १९७३ची, आयपीचं मानक १९८१चं. दोन्ही अजून चालू आहेत. कंपन्यांच्या कमांड मात्र सतत बदलतात. हा पाया काही महिन्यांच्या कोर्समध्ये घातला जात नाही, त्याला दोन-तीन वर्षांचं सलग शिक्षण लागतं. अल्प मुदतीचा कोर्स फार तर त्यानंतर करावा.

लॅबवाली

मी हा विषय शिकवते, म्हणून दोन्हीकडे थोडा विरोध नोंदवते.

@जुनाजाणता, पाया हवा हे खरं, पण पाया म्हणजे फक्त पदवी असं का धरता? जर्मनीत फाखइन्फॉर्माटिकर नावाचं व्यावसायिक प्रशिक्षण १९९७ पासून आहे. नेहमीची मुदत तीन वर्षं, शाळा आणि कंपनीतलं काम सोबतच, आणि प्रशिक्षणार्थीला पगारही मिळतो. २०२० मध्ये त्यात डिजिटल नेटवर्किंगची वेगळी शाखाही आली. म्हणजे व्यवसाय शिक्षण उथळच असतं हे गृहीतक चूक आहे.

@निळी_केबल, तुमची मागणी मला आवडते, पण निम्मा वेळ आणि तोही सुरुवातीपासून, हे जमत नाही. चालणारं नेटवर्क कसं दिसतं हेच ज्याने पाहिलं नाही, त्याला बिघडलेलं ओळखू येत नाही. तो नुसता अंदाजाने कमांड मारत सुटतो.

क्रिम्पिंगचंच (केबलच्या टोकाला प्लग बसवण्याचंच) बघा. नवी मुलं हमखास रंगांच्या जोड्या शेजारी-शेजारी लावतात: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, हिरवी, आणि असंच पुढे. दोन्ही टोकांना तोच क्रम, त्यामुळे साध्या टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात. मूल खूश. पण प्रत्यक्षात ३ आणि ६ नंबरच्या पिना एका जोडीच्या असायला हव्यात, म्हणून टी५६८बीमध्ये (तारांच्या क्रमाच्या मानकात) तिसरी हिरवी-पांढरी, चौथी निळी, पाचवी निळी-पांढरी आणि सहावी हिरवी. शेजारी-शेजारी लावल्यावर ३ आणि ६ वर वेगवेगळ्या पिळाच्या तारा येतात, पीळ निरुपयोगी होतो आणि एका जोडीतला सिग्नल दुसऱ्या जोडीत घुसतो. लहान केबल कदाचित चालून जाते, लांबी वाढली की एरर सुरू. तारांना पीळ का असतो हे आधी शिकवलं नसेल, तर टेस्टर ‘पास’ म्हणत असताना मूल केबलवर संशय घेईलच कसं?

स्क्रिप्टप्रेमी

क्रिम्पिंगवर एवढी चर्चा बघून आश्चर्य वाटलं. आज नवी कंपनी सर्व्हर विकत घेत नाही, सगळं क्लाउडवर. पायथन, अॅन्सिबल, टेराफॉर्म अशी ऑटोमेशनची साधनं शिकवा. शंभर स्विचवर एकेक कमांड टाइप करणाऱ्याला पुढे काम राहणार नाही. करिअर म्हणून बघायचं असेल तर पुढचं बघा.

निळी_केबल

स्क्रिप्ट शिकवायलाच हव्यात, प्रश्नच नाही. पण क्लाउडवर गेल्यावर सबनेट, राउट टेबल, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) सुटतं का? ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने त्यांचं अंतर्गत नेटवर्क तुटलं. ती कमांड अडवायला हवी होती त्या तपासणीच्या साधनात दोष होता. मग डीएनएस सर्व्हरनी आपले बीजीपी मार्ग (आपल्यापर्यंत कसं पोचायचं हे बाकीच्या इंटरनेटला सांगणारे) मागे घेतले. दूरून काही करता येईना, तेव्हा इंजिनिअर डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष पाठवावे लागले.

स्क्रिप्टप्रेमी

हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तपासणीचं साधन धड असतं तर कमांड अडली असती; म्हणजे चांगलं ऑटोमेशन लिहिणारा माणूस हवा. आणि स्वतःची डेटा सेंटर चालवणाऱ्या कंपन्या मोजक्या. बाकीच्यांचा बीजीपीशी संबंधही येत नाही.

थेट_मुद्दा

मूळ मुद्द्यावर येतो. परीक्षा काढून टाकली तर कोर्सची गुणवत्ता मोजणार कोण? ‘आम्ही बिघाड शोधायला शिकवतो’ असं कुठलीही संस्था छापू शकते. बाहेरच्याने घेतलेली परीक्षा हा विद्यार्थ्याच्या हातातला एकमेव पुरावा आहे.

निळी_केबल

परीक्षा काढा असं मी म्हटलंच नाही. आणि परीक्षा म्हणजे पर्याय निवडणंच असंही नाही. सिस्कोच्याच वरच्या पातळीच्या सीसीआयईची लॅब आठ तासांची असते. रेड हॅटच्या आरएचसीएसए या लिनक्सच्या परीक्षेत तर प्रवेशाच्याच पातळीवर चालू मशीनवर काम करून दाखवावं लागतं, नाहीतर नापास. तसंच इथे करा. शेवटी एक बिघडवलेलं नेटवर्क द्या आणि काय पाहिलं, कुठला संशय आला, तो कसा तपासला, हे क्रमाने लिहून घ्या. गुण त्या नोंदींनाही द्या. दोष सापडला नाही तरी चार शक्यता नीट बाद करणारा माझ्या टीममध्ये चालेल.

थेट_मुद्दा

प्रत्यक्ष काम करून घेणारी परीक्षा चांगली, हे मानतो. पण नोंदी तपासायला शिकवणाराही तितकाच तयार लागेल आणि मोठ्या बॅचला ते झेपणार नाही. निम्म्या वेळेला माझा विरोध कायम. पाव हिस्सा, तोही राउटिंग संपल्यावर, इतपत ठीक.

लॅबवाली

राउटिंग संपेपर्यंत थांबायची गरज नाही. पहिल्याच महिन्यात होण्यासारखा एक बिघाड सांगते. डीएचसीपी (मशीनना पत्ते वाटणारी सेवा) बंद करून ठेवायचं आणि ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगायचं. मशीनवर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला की पत्ता वाटणारा सापडला नाही, हे मुलांना कळलं पाहिजे. मग सर्व्हर बंद आहे, पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर पाडलेल्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये) आहे की केबलच सैल आहे, हे त्यांनी तपासायचं. व्हीलॅन तोवर शिकवलं नसेल, तर तो भाग पुढच्या फेरीला ठेवा.