कॉलेजात गाजलेला लाइनबॅकर ड्राफ्टमध्ये मागे का पडतो?

लिंकनकर

८ ऑक्टोबर २०११. मी नेब्रास्काला लिंकनमध्ये एमएस करत होतो आणि अमेरिकन फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. कुणीतरी दिलेल्या तिकिटावर मेमोरियल स्टेडियममध्ये जाऊन बसलो. ओहायो स्टेट २७-६ ने पुढे होती, आजूबाजूची लाल शर्टातली माणसं गप्प झाली होती. शेजारी एक वयस्कर शेतकरी होते. मला म्हणाले, "चेंडूकडे बघू नकोस, चार नंबरकडे बघ."

चार नंबर म्हणजे लव्हॉन्टे डेव्हिड, लाइनबॅकर. ज्यांना हा खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. बचावात सगळ्यात पुढे धिप्पाड गडी असतात. त्यांच्या मागे चार-पाच यार्डांवर लाइनबॅकर उभा असतो. चेंडू घेऊन धावणाऱ्याला त्याने पाडायचं, पास टाकला जाणार असेल तर मागे पळून तो झेलणारा माणूस झाकायचा, आणि खेळ सुरू व्हायच्या आधी बाकीच्यांना ओरडून जागा सांगायच्या. मी बघत राहिलो. चेंडू हलायच्या आधीच हा गडी अर्धं पाऊल सरकायचा आणि पुढच्या क्षणी खेळ नेमका तिकडेच यायचा. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य गडी, ब्रॅक्स्टन मिलर चेंडू घेऊन धावला. डेव्हिडने त्याला धरलं आणि पाडता पाडता चेंडू हातातून ओढून काढला. तिथून सामना फिरला. नेब्रास्का ३४-२७ ने जिंकली.

आदल्या वर्षी, २०१० मध्ये, त्याच माणसाने हंगामात १५२ टॅकल (चेंडूवाल्याला पाडणं) करून नेब्रास्काचा विक्रम केला होता. तरीही २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ दरवर्षी कॉलेजातले खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी एकेक करून उचलतात त्या निवडीत, त्याचं नाव आलं ५८ वं. कारण काय, तर अंगाने हलका. त्याच वर्षी फिलाडेल्फियाने ४६ व्या क्रमांकावर मायकल केंड्रिक्स हा लाइनबॅकर उचलला आणि लगेच पुढचा, ४७ वा बॉबी वॅग्नर सिअ‍ॅटलला मिळाला. वॅग्नर सहा वेळा ऑल-प्रोच्या पहिल्या संघात, म्हणजे लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंत आला. २०१८ मध्ये फ्रेड वॉर्नर ७० वा. १९९६ मध्ये झॅक थॉमस १५४ वा, पाचव्या फेरीत! तो आज हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या दिग्गजांच्या यादीत आहे.

माझं म्हणणं असं की लाइनबॅकरचा खरा गुण डोळ्यांत असतो. समोरच्या गार्डची, म्हणजे चढाईच्या पुढच्या फळीतल्या गड्याची, कंबर कुठे वळली यावरून खेळ ओळखायचा. ड्राफ्टआधीच्या इंडियानापोलिसच्या चाचण्यांमध्ये ४० यार्ड पळायला लागलेला वेळ मोजतात, उंच उडी मोजतात, हाताची लांबी मोजतात. हे ओळखणं कशातच मोजलं जात नाही. म्हणून बुटका किंवा हलका दिसला की खाली ढकलतात.

दुसरं, 'लाइनबॅकर' या एका नावाखाली दोन वेगळे धंदे आहेत. कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा एज रशर वेगळा आणि मागे उभा राहून खेळ वाचणारा वेगळा. तरी बऱ्याचदा दोघांची मोजदाद एकत्र. २०१३ मध्ये डेव्हिड ऑल-प्रोच्या पहिल्या संघात होता आणि प्रो बोलला, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, मात्र निवडला गेला नाही, कारण तिथे कडेच्या लाइनबॅकरांच्या मतदानात त्याची गाठ एज रशरांशी होती. हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

हिशेबनीस

लिंकनकर, वर्णन सुंदर, पण निष्कर्ष पटला नाही. तुम्हीच दिलेली यादी तुमच्या विरोधात जाते. वॅग्नर ४७ ला, डेव्हिड ५८ ला, वॉर्नर ७० ला मिळत असेल तर कुठल्या शहाण्या मॅनेजरने दहावा क्रमांक लाइनबॅकरवर घालवावा? तोच क्रमांक ऑफेन्सिव्ह टॅकलवर (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा धिप्पाड गडी) किंवा एज रशरवर लावायचा, कारण ती माणसं तिसऱ्या फेरीत मिळत नाहीत.

आता कराराचं बघा. पहिल्या फेरीत घेतलेल्या खेळाडूचा चार वर्षांचा करार असतो आणि पाचवं वर्ष वाढवायचा हक्क संघाकडे असतो. त्या पाचव्या वर्षाचा पगार त्या जागेवरच्या बड्या पगारांवरून ठरतो. तुम्ही म्हणता ते 'एक नाव, दोन धंदे' इथे खरंच नडतं. एज रशरांपैकी बरेच जण कागदावर लाइनबॅकर असतात, त्यामुळे मागे उभ्या राहणाऱ्याचा आकडाही त्यांच्याबरोबर फुगतो. २०२० च्या पहिल्या फेरीत मागे खेळणारे चार लाइनबॅकर गेले: आयझेया सिमन्स ८ वा, केनेथ मरे २३ वा, जॉर्डिन ब्रूक्स २७ वा, पॅट्रिक क्वीन २८ वा. चौघांपैकी एकाचंही पाचवं वर्ष त्याच्या संघाने घेतलं नाही. चार संघ, चार वेगळे मॅनेजर, उत्तर एकच. ह्याला अन्याय कसा म्हणायचा? संघांनी गणित केलं आणि ते गणित बरोबर आहे.

शिवाय खेळ बदलला. पूर्वी मैदानात तीन लाइनबॅकर असायचे. आता समोर पास झेलणारे तीन-तीन रिसीव्हर उभे राहतात, म्हणून एक लाइनबॅकर काढून पास अडवणारा पाचवा डिफेन्सिव्ह बॅक आणतात. जागाच कमी झाली तर भाव पडणारच.

मधली_फळी

फोर्टीनाइनर्सचा, म्हणजे वॉर्नरच्या संघाचा, चाहता म्हणून लिंकनकरांच्या बाजूने. जागा कमी झाली हे मान्य, पण उरलेल्या दोघांचं काम दुप्पट झालं ना? पूर्वी तिघांत वाटलेलं मैदान आता दोघांनी सांभाळायचं. वॉर्नर मागे वळून तीस यार्डांवर रिसीव्हर झाकतो आणि पुढच्याच खेळात मधल्या फटीत शिरून धावणाऱ्याला आडवा करतो. हे दोन्ही करणारा माणूस दुर्मीळच असणार आणि दुर्मीळ माल महाग हवा.

तीन_नद्या

मी पिट्सबर्गची. पंधरा वर्षं इथे आहे. तुम्ही सगळे न गाजलेल्यांची नावं सोडून बोलताय म्हणून लिहायला बसले.

२०१९ मध्ये आमच्या स्टीलर्सनी डेव्हिन बुशसाठी वर उडी मारली. डेन्व्हरला स्वतःचा २० वा, ५२ वा आणि पुढच्या वर्षीचा तिसऱ्या फेरीतला क्रमांक देऊन १० वा घेतला. शहर खूश होतं. रायन शेझिअरच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाल्यापासून मधली जागा रिकामी होती, ती भरली असं वाटलं. पहिल्या वर्षी बुश खेळलाही छान. ऑक्टोबर २०२० मध्ये गुडघ्याचा एसीएल (मुख्य अस्थिबंध) गेला. परत आला तेव्हा मी पहिल्या काही सामन्यांतच नवऱ्याला म्हटलं, "हा आता पाय टाकायच्या आधी विचार करतोय." लाइनबॅकरला तेवढा विचार परवडत नाही. त्याचंही पाचवं वर्ष घेतलं नाही.

आता दुसरं टोक. पेटन विल्सन, २०२३ चा बटकस पुरस्कार विजेता, म्हणजे त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज लाइनबॅकर. चाचणीत ४० यार्ड ४.४३ सेकंदांत पळाला. लिंकनकर, तुमच्या म्हणण्याप्रमाणे घड्याळच सगळं ठरवत असतं तर हा वीसच्या आत जायला हवा होता. तो ९८ वा आला, आमच्याकडेच. कारण गुडघ्याच्या आणि खांद्याच्या शस्त्रक्रिया. इथे डॉक्टरांचे कागद घड्याळापेक्षा जड ठरले. लाइनबॅकर प्रत्येक खेळात कुणाच्या तरी अंगावर आदळतो. ल्यूक कीक्लीसारखा, ९ वा निवडलेला आणि प्रत्येक पैला लायक ठरलेला माणूस २८ व्या वर्षी निवृत्त झाला. संघ घाबरतात आणि ती भीती खोटी नाही.

लिंकनकर

तीन_नद्या, विल्सनचं उदाहरण मला निरुत्तर करणारं आहे, हे सरळ मान्य करतो. दुखापतीचा मुद्दा मी धरलाच नव्हता.

पण हिशेबनीस, तुमच्या गणिताला एक विचारायचं आहे. 'तिसऱ्या फेरीत मिळतो' हे आपण वॉर्नर गाजल्यावर म्हणतो. तिसऱ्या फेरीतले कितीतरी लाइनबॅकर दोन वर्षांत घरी जातात, त्यांची नावं आपल्याला आठवतही नाहीत. वॅग्नरच्या आधी ४६ वेळा कुणीतरी दुसरं नाव घेतलं, आणि त्या वर्षी त्याला न्यूमोनिया झाल्यामुळे तो चाचण्यांना जाऊच शकला नव्हता. तिथेही पुन्हा मोजपट्टीच आडवी आली ना?

आणि संघाचा फायदा तो खेळाडूचा तोटा. ड्राफ्टमधून आलेल्याचा करार तीन हंगाम होईपर्यंत बदलता येत नाही. वॉर्नरने ती तीन वर्षं तिसऱ्या फेरीच्या पगारावर काढली, त्यातल्या एका वर्षी ऑल-प्रो होऊन. २०२१ मध्ये त्याला ५ वर्षांचे ९.५ कोटी डॉलर मिळाले. मधल्या काळात गुडघा गेला असता तर?

झॅक बॉनचंही बघा. विस्कॉन्सिनला तो कडेने धावून जायचा. न्यू ऑर्लिन्सने २०२० मध्ये ७४ वा घेतला आणि चार वर्षं बहुतेक किकच्या वेळी धावायला वापरला. २०२४ मध्ये फिलाडेल्फियाने एका वर्षाच्या छोट्या करारावर आणून मधे उभा केला. त्याच वर्षी ऑल-प्रो, आणि सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक महोम्स याचा पास मधेच पकडला. माणूस तोच होता. चार वर्षं त्याला चुकीच्या नावाने हाक मारत होते.

हिशेबनीस

बॉन म्हणजे माझाच मुद्दा झाला! फिलाडेल्फियाने त्याच्यासाठी ड्राफ्टचा एकही क्रमांक दिला नाही, ३५ लाख डॉलरवर आणला आणि सुपर बोल जिंकली. नकोबी डीनही घ्या. २०२१ चा बटकस विजेता, ८३ वा, त्याच संघात. लोक हळहळले, पण जॉर्जियात त्याच्या पुढे जॉर्डन डेव्हिस, ट्रॅव्हॉन वॉकर, डेव्हॉन्टे वायट होते. तिघेही पहिल्या फेरीत गेले. पुढचे तीन गडी सगळे अडथळे अडवून धरत असतील तर मागच्याला मोकळं रान मिळतं. कॉलेजातल्या टॅकलच्या आकड्यांत किती त्याचं आणि किती पुढच्यांचं, हे वेगळं काढणं अवघड. म्हणून मी संघांना दोष देणार नाही.

खेळाडूच्या पगाराचं दुःख मात्र खरं आहे. ते मी आधी गणितात धरलं नव्हतं.

जर्सीतली_आई

एरवी फक्त वाचते. माझा मुलगा नववीत आहे, शाळेच्या संघात लाइनबॅकर. उंची ५ फूट ७. कोच म्हणतात सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) हो, तिथे पुढे संधी आहे. तो ऐकत नाही. त्याच्या खोलीत सॅम मिल्सचं चित्र आहे. आमच्या न्यू जर्सीचाच माणूस, माँटक्लेअर स्टेटचा, ५ फूट ९. ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही. क्लीव्हलंडने सराव शिबिरातून परत पाठवलं, कॅनडातल्या संघानेही. मग शाळेत शिकवायला लागला. तिथून यूएसएफएल या दुसऱ्या व्यावसायिक लीगमध्ये गेला, तिथल्या प्रशिक्षकाने १९८६ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्समध्ये नेला आणि पाच वेळा प्रो बोल खेळला. २०२२ मध्ये हॉल ऑफ फेम, पण तोवर त्याला जाऊन १७ वर्षं झाली होती.

मला हे सगळं मुलाने जेवताना सांगितलं. तुम्ही अनुभवी आहात म्हणून विचारते, कोचचं ऐकायला सांगू का?

तीन_नद्या

ताई, नववीत कुठलीच जागा कायमची नसते. सेफ्टीला मागे उभं राहून सगळं मैदान दिसतं. वर्षभर तिथे खेळून परत पुढे आला तर पास ओळखायला शिकलेला असेल, आणि आजच्या लाइनबॅकरला तेच लागतं. पण हेल्मेट नीट बसतंय का ते स्वतः बघा, आणि डोक्याला लागलं तर तो कितीही म्हणाला तरी डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदानावर पाठवू नका.

लिंकनकर

मीही हेच सांगेन. आणि त्याला म्हणावं, मॅच बघताना चेंडू सोड, गार्डची कंबर बघ. माझ्याकडे त्या २०११ च्या सामन्याची पूर्ण फीत आहे, हवी असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.

जर्सीतली_आई

करते. शनिवारी सराव नाही, तेव्हा दोघं बसून बघू.