पुन्हा: पुन्हा: मुंबई ते सोलापूर, पिल्लू आणि कारसीट

अनघा:
मंडळी, १० तारखेला पहाटे दीडला मुंबईत उतरतोय. सिद्धेश्वरांच्या जत्रेतल्या अक्षतांच्या आधी सोलापूरला घरी पोचा, असा आईचा हुकूम आहे. मागच्या खेपेचं रामायण सगळ्यांना माहीतच आहे, म्हणून यंदा पिल्लूची कारसीट इथून, अमेरिकेतूनच नेतेय. गाडी इनोव्हा. मागच्या सीटला कारसीट अडकवायच्या कड्या आहेत का विचारलं, तर गाडीवाला म्हणे, "मॅडम, सगळं आहे, एसीपण आहे." कड्या नसल्या तर नुसत्या पट्ट्यावर बसते का? कोणी करून बघितलंय?

प्रसाद:
अगं, कड्यांपेक्षा पट्ट्याचीच भानगड जास्त. इथल्या गाड्यांत पट्टा पूर्ण बाहेर ओढला की आत जाताना कटकट आवाज करत लॉक होतो. तिकडच्या बहुतेक गाड्यांत ती सोय नाही. झटका बसला तरच पट्टा अडकतो, एरवी सैलच. बांधताना सीट घट्ट वाटते आणि पनवेल यायच्या आत डुगडुगायला लागते. त्याला लॉकिंग क्लिप लागते, इंग्रजी एचसारखी लोखंडी पट्टी. बक्कलच्या जिभेपासून इंचभर वर दोन्ही पट्टे तिच्यात अडकवायचे. काही सीटना स्वतःचंच लॉक असतं, आधी मॅन्युअल बघ. इनोव्हाचं क्रिस्टा मॉडेल असेल तर कड्या असतात, पण टॅक्सीवाले वरून रेक्झिनचं कव्हर शिवून घेतात आणि कड्या आत गडप. आम्ही विमानतळाच्या पार्किंगमध्ये नेलकटरने शिवण उसवली. ड्रायव्हर सातारा येईपर्यंत बोलला नाही.

सुधीरकाका:
एवढा कुटाणा कशाला? आमची तिन्ही पोरं मांडीवर बसून सोलापूरला गेली, जीपमधनं. आणि आता वंदे भारत आहे की! २०२३ पासनं चालू आहे, साडेसहा तासांत दारात.

अनघा:
काका, ती दुपारी चारच्या सुमारास सुटते. चौदा तास पिल्लूला घेऊन कुठे बसू?

मेधा (कार्यकारिणी):
मंडळाची ही ईमेल-यादी संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी आहे, हे तिसऱ्यांदा लिहितेय. वाणाच्या मेलला अजून नऊ जणींचं उत्तर नाही. प्रवासाचं प्रवासाच्या यादीवर. (अनघा, खोपोलीच्या आधी दूध पाजू नकोस, बोरघाटात सगळं बाहेर येतं.)

प्रसाद:
मेधाताई, प्रवासाची यादी तुम्हीच गणपतीत बंद केलीत. आणि काका, तेव्हा एक्सप्रेसवे नव्हता. आता तिथे गाड्या शंभरने पळतात. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा कारसीट नसेल तर १००० रुपये दंड आहे.

सुधीरकाका:
दंडाचं मला सांगू नका, दंड कोण घेतंय? मी बोलतोय ते वेगळंच. अनघा, रात्री निघू नको, बघ. जानेवारीत गाळप जोरात असतंय. इंदापूर-टेंभुर्णीपासनं पुढं मोहोळपर्यंत एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या उसाच्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंधारात ट्रॉली दिसत नाही, नुसतं काळं डोंगरागत पुढं येतंय. माझा साडू तसाच घुसला होता. वाचला, पण अजून डावा हात वर जात नाही. ड्रायव्हर म्हणेल रस्ता मोकळा आहे. त्याचं ऐकू नको. उजाडल्यावर निघ, भिगवणला थांब, पोराला उजनीचं पाणी दाखव. थंडीत रोहित येतेत तिथं.

मेधा:
रोहित म्हणजे फ्लेमिंगो, ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी. आमच्याकडे अग्निपंख म्हणतात.

सुधीरकाका:
तुमच्याकडं म्हणजे पुण्यात.

अनघा:
क्लिप सापडली! सीटच्या बुडाखालीच खोचलेली होती, दोन वर्षं. रात्री पनवेलला मावशीकडे थांबतोय, सातला निघू. थांबण्याचे पैसे वेगळे पडतील असं गाडीवाल्याने लगेच कळवलं. कव्हरचं अजून सांगितलेलं नाही, नेलकटर पर्समध्ये घेतेय.

मेधा:
बरं. येताना शेंगाचटणी अर्धा किलो, उखळात कुटलेली. मिक्सरची नको. आणि वाणाचं उत्तर तुझंही बाकी आहे.